मोराचा वाटा

दिवाळी आली की आपल्या घरात सर्वांच्या आधी शिरतो तो मोर. दारातल्या रांगोळीत तो पिसारा फुलवून उभा असतो, लामणदिव्याच्या साखळीत बसलेला असतो आणि पेटीतून वर्षाने बाहेर निघालेल्या पैठणीच्या पदरावर तर त्याचे राज्यच असते. पैठण आमच्या मराठवाड्यातले, त्यामुळे त्या मोराचा आम्हांला थोडा अभिमानही आहे. ह्या अंकाच्या मुखपृष्ठावर संपादकांनी यंदा काय छापले आहे ते हे लिहिताना मला ठाऊक नाही. पण त्यात कोठे तरी एखादे मोरपीस नसेल तर मला नवल वाटेल.

वर्षभर ह्या सदरात मी शब्द, म्हणी आणि पुस्तके ह्यांविषयी लिहीत असतो. दिवाळी अंकात जागा थोडी सैल मिळते. तेव्हा यंदा ह्याच पाहुण्याविषयी लिहावे असे ठरविले. पक्षी तोच, मात्र पदरावरून उतरून शेतात गेलेला.

मराठीचा अध्यापक ह्या नात्याने मोराशी माझा परिचय जुना आहे. सरस्वतीच्या पायाशी तो असतो, कार्तिकेयाला पाठीवर घेतो, पाऊस आला की कवींच्या आधी त्याला कळते. मोरोपंतांनी तर आपल्या नावातल्या ‘मोरा’वर श्लेष साधून देवापुढच्या विनवणीला ‘केकावली’ असे नाव दिले. केका म्हणजे मोराची हाक. वर्गात हा श्लेष उलगडून सांगताना दर वर्षी मला मौज वाटते. पण किनवटच्या महाविद्यालयात एक अडचण येते. येथल्या निम्म्या मुलांनी केका पुस्तकात वाचण्याच्या आधी पहाटे पाच वाजता शेताच्या धुऱ्यावर ऐकलेली असते, आणि ती ऐकून त्यांना काव्य आठवत नाही. त्यांना गोफण आठवते.

ज्यांनी किनवट पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हा तालुका आहे. एका अंगाला पैनगंगा, तिच्या पलीकडे यवतमाळ; दुसऱ्या अंगाला तेलंगणातले आदिलाबाद. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तोवर हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच, म्हणजे हैदराबाद राज्यात होता. सागाचे जंगल, डोंगर-टेकड्या, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा, शेजारी माहूरची रेणुकामाता. आणि वस्ती गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा अनेक समाजांची. जंगल आणि शेत ह्यांच्यामध्ये येथे फार वेळा एक बैलगाडीची वाट तेवढी असते. ती वाट ओलांडायला मोराला कोणाचा परवाना लागत नाही.

पावसाळ्याच्या तोंडी, मृगाच्या सरी पडल्या की शेतकरी चाड्यावर मूठ धरतो. हल्ली ह्या भागात पेरणी मुख्यतः सोयाबीनची आणि लावण कापसाची. सोयाबीनचे बियाणे एकरी सुमारे ३० किलो लागते. ते फार खोल पेरून चालत नाही, बोट-दीड बोट मातीखालीच राहते. चार-सहा दिवसांनी दाण्याची दोन दळे माती फोडून वर येतात, आणि ह्या दोन दळांतच रोपाची सगळी शिदोरी असते. ती शिदोरी आणि मधला कोंब कोणी खुडून नेला की ते रोप संपले. त्याला पुन्हा फुटवा येत नाही. मोर आणि लांडोरी नेमक्या ह्याच दिवसांत तासांतून चालतात. आधी दाणा उकरतात, मग उगवलेले दळ खुडतात. पुढे भुईमूग भरला की तो उकरतात. हरभरा, मिरची, टोमॅटो, गहू ह्यांतले काही त्यांना वर्ज्य नसते. पूर्ण वाढलेला मोर चार ते सहा किलो वजनाचा असतो. चिमणीच्या चोचीने टिपणारा हा पक्षी नव्हे, पंजाने माती ओढणारा आहे.

जूनच्या अखेरीस आणि जुलैत माझ्या वर्गातली मागची दोन बाके रिकामी असतात. कारण विचारले तर मुले खाली मान घालून म्हणतात, “सर, राखणीला होतो.” अशाच एका विद्यार्थ्याच्या वडिलांची गेल्या पावसाळ्यात गाठ पडली. तीन एकर कोरडवाहू शेत, तेही जंगलाला लागून. मुलाची हजेरी कमी भरते हे सांगायला मी गेलो होतो. ते मला शेत दाखवायला घेऊन गेले. कडेच्या दहा-बारा तासांत रोप औषधालासुद्धा नव्हते. माती मात्र कोणी खुरप्याने सारखी करावी तशी उकरलेली.

“मामा, एक पक्षी खाऊन खाऊन खाणार किती?” मी विचारले.

“एक किती खाते ते इचारू नका सर. किती येते ते इचारा. एका मोरामागं चार-पाच लांडोरी. तिफणीनं जशा ओळीनं पेरलं, तशाच ओळीनं उकरत येते. तुमाला मोर दिसते. आमाला बियाची थैली दिसते.”

त्यांनी कडेची पट्टी पुन्हा पेरली होती. बियाणे उसने आणले होते. पावसाने दडी मारली की दुबार पेरणीची बातमी होते, पुढारी बांधावर येतात, पंचनाम्याची मागणी होते. मोराने करावयास लावलेली दुबार पेरणी सहसा कोणाच्या वहीत चढत नाही. ती त्या घराच्या कर्जाच्या वहीत तेवढी चढते.

येथे एक प्रश्न सुशिक्षित माणूस हटकून विचारतो, आणि तो रास्तही आहे. मोर किडे, वाळवी, उंदीर, लहानसहान साप खातो. मग तो शेतकऱ्याचा मित्रच नव्हे काय? आहे, अवश्य आहे. सबंध तालुक्याचा हिशेब मांडला तर मोराने केलेले नुकसान कदाचित शेकड्यात नगण्यही निघेल. परंतु सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. नदीची सरासरी खोली कमरेएवढी असली तरी डोहात माणूस बुडतो. मोराने केलेले किड्यांचे निवारण सगळ्या शिवाराला थोडे थोडे मिळते आणि त्याने खाल्लेला दाणा मात्र जंगलालगतच्या दोन-चार शेतांतूनच जातो. गावाच्या मध्यावर ज्याचे रान आहे त्याला मोर हा पाहुणा वाटतो, कडेला ज्याचे आहे त्याला तो जावई वाटतो. आणि बहुधा असे असते की, कडेचे रान गरिबाचेच असते.

पूर्वी हे होत नव्हते काय? होत होते, पण त्याची एक व्यवस्था होती. ज्वारी हुरड्यात आली की शेतोशेती माळे उभे राहत. घरातले एखादे पोर किंवा म्हातारे माणूस गोफण घेऊन दिवसभर माळ्यावर असे. हाळी घाली, डबा वाजवी, खडा भिरकावी. सगळ्या शिवारात माळे असल्यामुळे ह्या शेतातून उठलेले पाखरू त्या शेतात टेकू शकत नसे. आणि एवढे करून जे जाई ते पाखरांचा वाटा म्हणून सोडून दिले जाई. पुढे ज्वारी हटली, सोयाबीन आले, त्याबरोबर माळाही गेला. गोफण मारणारी पोरे शाळेत गेली. हे चांगलेच झाले. मुलांनी पाखरे हाकत बसावे असे कोणता मास्तर म्हणेल? पण राखणीची जागा दुसऱ्या कशानेही भरली नाही. मळ्यावर मजूर ठेवावा तर त्याची मजुरी बियाण्याहून महाग पडते. मग पुन्हा ते पोरच वर्गातून उठून शेतात जाते, आणि मला मागची बाके रिकामी दिसतात.

इकडे राखण गेली आणि तिकडे मोर वाढले. ही केवळ शेतकऱ्यांची तक्रार नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात बहुतेक पक्ष्यांची कथा घटीची असताना मोर मात्र गेल्या काही दशकांत सुमारे दीडशे टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. केरळात जेथे तो पूर्वी क्वचितच दिसे तेथे आता भाताच्या खाचरांत हिंडतो. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. लोकांच्या श्रद्धेचे तर होतेच. त्याची अंडी आणि पिल्ले खाणारी कोल्ही, रानमांजरे कमी झाली. पाटाचे पाणी आले, बारा महिने हिरवे रान मिळू लागले. आमच्याच मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात १९९४ पासून मोरांसाठी नायगावचे मयूर अभयारण्य आहे. अभयारण्याची सीमा कागदावर असते आणि मोराला वाचता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

मोराला माणसाने नेहमीच पुजले असे मात्र समजू नये. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात त्याच्या मुदपाकखान्याचा मोठा प्रांजळ उल्लेख आहे. पूर्वी तेथे रोज पुष्कळ प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. म्हणजे अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण त्याच्या ताटातून सर्वांत शेवटी उठला तो मोर! १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. त्याची हत्या केल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. हे योग्यच आहे. पण वाघाने बैल मारला तर भरपाई मिळते. रानडुक्कर, हरीण, रोही, रानगवा, माकड, हत्ती ह्यांनी पीक खाल्ले तर भरपाई द्यावी अशी यादी राज्य सरकारच्या २०१५ च्या निर्णयात होती. त्या यादीत मोराचे नाव नव्हते. मोराला वाघाचा मान दिला आणि त्याने खाल्लेल्या दाण्याला कवडीचीही किंमत दिली नाही, असा हा न्याय झाला.

ह्या अन्यायावर एक आडदांड उपाय गोव्यात सुचविला गेला होता. २०१६ मध्ये तेथील तेव्हाचे कृषिमंत्री रमेश तवडकर ह्यांनी पिकांना उपद्रव देणाऱ्या प्राण्यांत मोराचाही समावेश करण्याचा विचार बोलून दाखविला. देशभर गहजब झाला आणि तो विचार मागे पडला. गहजब करणाऱ्यांत शहरी मंडळी पुष्कळ होती. मोर वाचला ह्याचा मला आनंद आहे. मात्र ज्या शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून तो विचार निघाला, त्यांचे पुढे काय झाले हे विचारायला त्या गर्दीतले फारसे कोणी मागे थांबले नाही.

मोठ्या पक्ष्यांशी लढाई करून पाहावयाचीच असेल तर ती एका देशाने करून पाहिली आहे. १९३२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतांवर सुमारे वीस हजार एमू चालून आले. हा पक्षी पुरुषभर उंचीचा. शेतकऱ्यांच्या मागणीवरून सरकारने मेजर मेरेडिथ नावाच्या अधिकाऱ्याबरोबर दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार काडतुसे धाडली. एमू असे पांगले आणि असे पळाले की महिन्याभरात पलटण हात हलवीत परतली. इतिहासात ही हकीकत ‘एमूंचे युद्ध’ म्हणून नोंदली गेली आहे, आणि विजय एमूंच्या नावावर आहे. पुढे तेथे कामाला आली ती कुंपणे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. राष्ट्रीय पक्षी निवडताना सालीम अली ह्यांनी मोराऐवजी माळढोकाची बाजू घेतली होती. त्याच्या इंग्रजी नावाचे एक अक्षर चुकले तर भलताच अर्थ होईल म्हणून तो मागे पडला, असे सांगतात. माळढोक हाही मोठा पक्षी. नाकतोडे, टोळ, भुंगेरे खाणारा, प्रसंगी शेतातला दाणाही टिपणारा. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले. त्याची हद्द कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर आखली गेली. तीत गावे आली, शेते आली, जमिनींच्या व्यवहारांना अडथळे आले आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे ती हद्द सुमारे बाराशेंवर आणावी लागली. तोपर्यंत माळराने नांगरली गेली होती. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ नाहीसा झाला आहे. शेतकऱ्याला वगळून पक्षी राखावयास गेले की काय होते हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार?

मग करावे काय? हा विषय माझ्या विद्येच्या बाहेरचा आहे. पण जे ज्ञात आहे ते सांगतो. शेतीतल्या पक्ष्यांचा अभ्यास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८२ पासून चालविला आहे. त्यातून निघालेले उपाय साधेच आहेत. पिकावर उन्हात चकाकणारी आणि वाऱ्यावर गुणगुणणारी तांबडी-रुपेरी फीत ताणावी, कडेने मका किंवा ज्वारी दाट पेरून आडोसा करावा, जाळी लावावी. ह्यातला कोणताही उपाय कायमचा नाही, कारण मोर मूर्ख नाही. चार दिवसांत तो बुजगावण्याच्या शेजारी उभा राहून चरू लागतो. परंतु सोयाबीनच्या बाबतीत एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची आहे. धोक्याचे दिवस थोडे असतात. पेरल्यापासून रोप अंगाशी येईपर्यंत दोन आठवडे निभावले की पुढे चिंता कमी. सबंध शिवाराने एकाच आठवड्यात पेरणी केली, त्या दोन आठवड्यांपुरते गावाने मिळून चार राखणदार नेमले आणि त्यांची मजुरी सरकारने दिली, तर ती रक्कम एखाद्या समारंभाच्या मांडवाहून जास्त होणार नाही. स्वीडनमध्ये हॉर्नबोर्गा नावाच्या तलावाकाठी वसंत ऋतूत हजारो क्रौंच उतरतात. नव्या पेरणीवर त्यांनी जाऊ नये म्हणून त्यांना काठावरच धान्य टाकतात. पिकाचे नुकसान झाले तर भरपाईही देतात. आणि ते पक्षी पाहायला लोक लांबून येतात. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली आहेच. तेथे मोर पाहायला येणारा पाहुणा शेतकऱ्याच्या घरी जेवतो आणि जाताना पैसे देऊन जातो. प्रत्येक गाव चिंचोली होणार नाही. पण मोराचा खर्च मोर पाहणाऱ्याने उचलावा, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले आहे.

हे सारे न झाल्यास काय होते, तेही सांगितले पाहिजे. बांधावर विष घातलेले दाणे पडतात. कधी कोणी मुद्दाम टाकतो, कधी कीड मरावी म्हणून औषध चोळलेले बियाणेच विष ठरते. पहाटे धुऱ्यावर चार-पाच लांडोरी मरून पडलेल्या असतात आणि ज्याच्या शेतात त्या पडल्या तो माणूस फौजदाराच्या भीतीने घर सोडतो.

त्या मामांनाही शेजाऱ्याने हाच सल्ला दिला होता. पुडी आणूनही दिली होती. हे त्यांनी मला शेतात सांगितले नाही. घरी परतल्यावर, चहा घेताना सांगितले. घर गोंडाचे. आढ्याला कापडात गुंडाळलेले काहीतरी मोठे टांगलेले होते. त्यांचा आजा घुसाडी होता.

वाचकांपैकी पुष्कळांनी घुसाडी पाहिला नसेल. आमच्या भागात आणि पलीकडे आदिलाबादेत गोंडांची दिवाळी दंडारीची असते. दिवाळीच्या आधीपासून दंडारीचे मेळे ढोल वाजवीत गावोगाव जातात. त्यांत घुसाडी असतो. त्याच्या अंगाला राख, गळ्यात माळा, हातात दांडा आणि डोक्यावर शेकडो मोरपिसांचा भव्य टोप. गोंडीत मोराला ‘मल’ आणि ह्या टोपाला ‘मल बूरा’ म्हणतात. तो टोप केवळ शोभेचा नाही. देवासारखा ठेवतात, पूजा करून उतरवितात. मार्लवाईचे कनक राजू ह्यांना ह्याच नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मोराच्या निसर्गाचा एक विलक्षण भाग असा की, पावसाळा सरता सरता त्याची पिसे आपोआप गळतात. गळलेली पिसे वेचून ठेवायला कायद्याचीही हरकत नाही. म्हणजे दिवाळीत जंगलातला मोर भुंडा असतो आणि त्याचा पिसारा माणसाच्या मस्तकावर नाचत असतो.

“त्या टोपाखाली बसून इख कालवू का सर?” मामा म्हणाले. “आमच्याच्यानं नाई होत. पुडी उकिरड्यात पुरली. पन दुसऱ्याच्या घरात टोप नाई, त्यानं काय करावं?”

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि एकट्या मामांपाशीही ते असू नये. आपल्या राष्ट्रीय पक्ष्याचे पोषण आज देशातला जो वर्ग करीत आहे, त्याच्या अंगणात रांगोळीचा मोर क्वचितच असतो. खरा मात्र रोज येतो. पाखरांचा वाटा सोडावा ही आपल्या शेतकऱ्याची जुनी रीत आहे, आणि ती त्याने मोडलेली नाही. त्याची मागणी एवढीच आहे की वाटा सर्वांनी मिळून सोडावा. दिवाळीच्या खर्चाची यादी करताना आपण उटण्यापासून आकाशकंदिलापर्यंत सर्व लिहितो. कराच्या रूपाने का होईना, तीत मोराच्या दाण्यासाठी एक ओळ असली तर लक्ष्मी रुसणार नाही. पुढल्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांवर कदाचित दोन मुले अधिक बसतील, आणि ‘केकावली’चा तो श्लेष ऐकून त्यांनाही हसू येईल.